फाइल लॉकिंगचा पॅच तपासायचा तर सोडण्याच्या वाटेपासून सुरुवात करा

इंदूरच्या एसजीएसआयटीएस किंवा आयईटी या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय झाला असेल, तर सेमाफोर आणि डेडलॉक ओळखीचे असतील. लिनक्स कर्नलमधलं फाइल लॉकिंग त्याच घराण्यातलं, पण स्वभावाने जरा तिरसट. जवळजवळ सगळा कोड एका फाइलीत आहे : एफएस फोल्डरातली लॉक्स डॉट सी. ओळी तीन हजारांच्या आसपास. त्यामुळे नवख्याला हा भाग सोपा वाटतो आणि तिथेच फसगत होते. पंधरा ओळींचा पॅच (कोडमधला बदल, मेलने पाठवलेला) वाचायला दहा मिनिटं लागतात, तपासायला दोन संध्याकाळी.

हा लेख इंदुरातल्या (आणि बाहेरच्याही) त्या मंडळींसाठी आहे, ज्यांना सी येतं, कर्नल एकदा तरी कंपाइल करून झालंय, आणि आता दुसऱ्याचा पॅच वाचून त्यावर काही कामाचं बोलायचं आहे. फंक्शनची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये शोधताना जोडरेघेच्या जागी अंडरस्कोअर घाला.

आधी लॉकच्या जाती

राजवाड्याजवळच्या एखाद्या मराठी वाचनालयाची कल्पना करा. सभासदांची वर्गणी एकाच फाइलीत नोंदवली जाते, दोन टेबलांवरून, दोन वेगळ्या प्रोसेसमधून. प्रत्येक सभासदाची नोंद 128 बाइटची. एका टेबलाने एक नोंद धरली असताना दुसऱ्याने तीच बदलू नये, एवढीच गरज. यासाठी लिनक्समध्ये तीन वाटा आहेत आणि तिन्हींचे मालक वेगळे.

पोझिक्स लॉक (एफसीएनटीएलमधून घेतात) बाइटच्या पट्ट्यावर लागतो. त्याचा मालक म्हणजे प्रोसेसचा फाइल-तक्ता. म्हणून एकाच प्रोसेसमधले दोन थ्रेड पोझिक्स लॉकने एकमेकांना अडवू शकत नाहीत. फोर्क केल्यावर मुलाला तो मिळत नाही. सगळ्यात वाईट खोड अशी की त्या प्रोसेसने त्या फाइलीचा कुठलाही डिस्क्रिप्टर बंद केला की त्या फाइलीवरचे तिचे सगळे पोझिक्स लॉक जातात. मग एखाद्या लायब्ररीने तीच फाइल गुपचूप उघडून बंद केली असली तरी. ही चूक नाही, प्रमाणातच तसं लिहिलंय. कुणी ती 'दुरुस्त' करणारा पॅच पाठवला तर पुढे वाचायची गरज नाही.

फ्लॉक संपूर्ण फाइलीवर लागतो आणि त्याचा मालक म्हणजे ती फाइल उघडल्याची कर्नलमधली नोंद, म्हणजे स्ट्रक्ट फाइल. ड्युप किंवा फोर्कने झालेल्या प्रती हा लॉक वाटून घेतात. शेअर्ड लॉकचा एक्सक्लुझिव्ह करताना जुना आधी सुटतो, मग नवा लागतो. मधल्या फटीत तिसरा घुसू शकतो, आणि हे मान्य वर्तन आहे.

ओएफडी लॉक 2014 साली कर्नलच्या 3.15 आवृत्तीत आले. पट्टा पोझिक्ससारखा, मालकी फ्लॉकसारखी. यात मागणीतला एल-पिड (प्रोसेस क्रमांक) शून्यच द्यावा लागतो, नाहीतर ईइनव्हॅल ही चूक मिळते. डेडलॉकची तपासणी यांच्यासाठी होत नाही.

याशिवाय लीज असतात. दुसरं कुणी फाइल उघडायला आलं की लीजधारकाला सिग्नल जातो आणि आवरायला मुदत मिळते (डिफॉल्ट 45 सेकंद, प्रॉक-सिस-एफएसमधल्या लीज-ब्रेक-टाइममध्ये दिसेल). सक्तीचं लॉकिंग नावाचा आणखी एक प्रकार होता, तो 2021 साली 5.15 मध्ये काढून टाकला. जुन्या पुस्तकात तो भेटला तर पान उलटा.

कागदावरचं हे सगळं आधी डोळ्यांनी बघा. छोटा सी प्रोग्राम लिहून तिन्ही प्रकारचे लॉक घ्या आणि दुसऱ्या टर्मिनलवर प्रॉकमधली लॉक्स फाइल कॅट करा. प्रकार, रीड की राइट, पिड, आयनोड, पट्ट्याची सुरुवात आणि शेवट, असं एका ओळीत दिसतं. थांबलेल्या मागणीपुढे बाण असतो. ओएफडी लॉकचा पिड उणे एक दिसतो. कुणी एकच प्रोसेस त्याची मालक असेलच असं नाही, म्हणून.

मशीनची तयारी

साधा 16 जीबीचा लॅपटॉप पुरतो. कर्नल थेट त्यावर बूट करू नका. व्हर्टमी-एनजी वापरा : ते तुमचीच रूट फाइलसिस्टिम क्यूईएमयूत दाखवतं, वेगळी डिस्क-इमेज लागत नाही. व्हर्च्युअल मशीनला निदान चार कोअर द्या. एका कोअरवर रेस (दोन वाटा ठरावीक क्रमाने धावल्या तरच होणारा बिघाड) सापडण्याची आशा धरू नये.

दोन वेगळे बिल्ड ठेवा. पहिल्यात केएसॅन (मेमरीच्या चुका पकडतो), प्रूव्ह-लॉकिंग (लॉकचा क्रम तपासतं) आणि डीबग-ॲटॉमिक-स्लीप (झोपू नये तिथे झोपणं पकडतं) चालू. दुसऱ्यात केसीसॅन (रेस शोधतो). केएसॅन आणि केसीसॅन एकत्र चालू होतच नाहीत, त्यामुळे एकाच बिल्डमध्ये भागवता येत नाही. पॅच उतरवायला बी4 घ्या. तो मालिकेतले सगळे पॅच क्रमाने लावतो आणि मधे आलेले टॅगही (रिव्ह्यूड-बायसारखे) उचलतो. पॅच कोणत्या कमिटवर बेतला आहे ते मालिकेच्या कव्हर-लेटरच्या तळाशी बघा. चुकीच्या बेसवर लावून 'लागतच नाही' असं कळवणारे पुष्कळ असतात.

कोडच्या आधी कमिट मेसेज

मेसेजमध्ये तीन गोष्टी हव्यात : काय बिघडतं, कुणाला दिसतं, आणि हा उपाय का पुरतो. 'संभाव्य रेस दुरुस्त' एवढंच लिहिलं असेल तर तिथेच थांबून कोणत्या दोन वाटा कोणत्या क्रमाने धावल्या की बिघडतं ते विचारा. लेखकाला ते मांडता येत नसेल तर बहुधा रेस नाहीच, किंवा तिसरीकडे आहे.

फिक्सेस टॅगमधला कमिट (ज्याने चूक आणली तो) उघडून वाचा. 2024 साली 6.9 आवृत्तीत फाइल-लॉकचे समाईक फील्ड फाइल-लॉक-कोअर नावाच्या वेगळ्या स्ट्रक्टमध्ये गेले आणि लीजचं स्ट्रक्ट वेगळं झालं. त्यामुळे गिट-ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटने आली ते दाखवणारी आज्ञा) केलं की अर्ध्या ओळी त्या नामांतरावरच जाऊन थांबतात. त्याच्या मागच्या कमिटपासून पुन्हा ब्लेम करा. पॅच जुन्या स्टेबल शाखांत जायचा असेल तर तिथे फील्डची नावं जुनीच आहेत, हेही डोक्यात असू द्या.

वाचायचा क्रम

लॉक घेण्याचा कोड सगळेच वाचतात. लेखकानेही तो दहादा वाचलेला असतो आणि त्याची टेस्टही तोच चालवते. तुम्ही उलट्या टोकाने या : सोडणं, मग अपयश, मग सिग्नल येऊन मधेच उठणं, आणि शेवटी घेणं. आमच्या मते या फाइलीतली खरी दुखणी पहिल्या तीनांतच असतात.

का, ते वाचनालयाच्या फाइलीवरच बघू. पहिल्या टेबलाने दहा नोंदींवर एकच लॉक घेतला : बाइट 0 ते 1279. आता त्याने फक्त पाचवी नोंद सोडली, म्हणजे 512 ते 639. उरलं काय? 0 ते 511 आणि 640 ते 1279. एका लॉकचे दोन झाले. म्हणजे लॉक सोडताना कर्नलला नवी मेमरी लागली, आणि मेमरी मागितली की ती न मिळण्याचीही शक्यता आली. म्हणून अनलॉकही ईएनओएलसीके ही चूक परत देऊ शकतो.

पोझिक्स-लॉक-आयनोड हे फंक्शन उघडा. सुरुवातीलाच ते दोन रिकामे फाइल-लॉक मागून ठेवतं. पुढे स्पिनलॉक (कर्नलचं आतलं, न झोपता वाट पाहायला लावणारं कुलूप) धरल्यावर झोपता येत नाही, म्हणून ही बेगमी आधी. न वापरता उरले तर शेवटी, स्पिनलॉक सोडल्यावर, परत. आता त्या मागणीची अट नीट वाचा. अनलॉक असेल आणि पट्टा शून्यापासून ऑफसेट-मॅक्सपर्यंत (शक्य त्या सर्वांत मोठ्या जागेपर्यंत) असेल तर मेमरी मागितलीच जात नाही. सगळं सोडताना काहीच दुभंगत नाही, लागणार काय? म्हणजे अर्धवट सोडणं फसू शकतं, पण संपूर्ण सोडणं मेमरीपायी फसत नाही. ही एक ओळ समजली की पुढचं प्रकरण आपोआप उलगडतं.

2024 चं एक प्रकरण, मुळापासून

एक थ्रेड एफसीएनटीएलने पोझिक्स लॉक मागतोय. त्याने डिस्क्रिप्टरवरून स्ट्रक्ट फाइल मिळवली, एवढ्यात दुसऱ्या थ्रेडने तोच डिस्क्रिप्टर बंद केला. बंद करताना कर्नल त्या मालकाचे लॉक काढतो, पण लॉक अजून लागलेलाच नाही. मग पहिला थ्रेड पुढे जाऊन लॉक लावतो. आता हा लॉक काढणार कोण? बंद करायची वेळ तर होऊन गेली.

याची जाण कोडला आधीपासून होती. एफसीएनटीएल-सेटएलके लॉक मिळाल्यावर पुन्हा बघतं की डिस्क्रिप्टर अजून त्याच फाइलीकडे बोट दाखवतोय का, आणि नसेल तर लॉक सोडून देतं. घोळ सोडण्याच्या पद्धतीत होता. ते नेहमीच्याच वाटेने अनलॉकची मागणी करायचं, त्याच पट्ट्यासाठी. ही मागणी दोन ठिकाणी नाकारली जाऊ शकत होती. एक, एसईलिनक्ससारखं सुरक्षा मॉड्यूल लॉक घ्यायला परवानगी देऊन सोडायला नाकारू शकतं. दोन, पट्टा दुभंगायची वेळ आली आणि मेमरी मिळाली नाही. दोन्हींत लॉक तसाच लोंबकळत राहायचा, आणि पुढे कुणी प्रॉकमधली लॉक्स फाइल वाचली की कर्नल मोकळ्या झालेल्या मेमरीतून वाचायचा. सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-2024-41012 म्हणून याची नोंद आहे.

उपाय छोटा होता : तिथे लॉक्स-रिमूव्ह-पोझिक्स बोलवायचं. ते शून्यापासून ऑफसेट-मॅक्सपर्यंत सगळं सोडतं, म्हणजे मेमरी लागत नाही, आणि सुरक्षा मॉड्यूललाही विचारत नाही. डिस्क्रिप्टर बंद झालाच आहे, तेव्हा त्या मालकाचे त्या फाइलीवरचे सगळेच लॉक जाणं नियमाला धरून आहे.

हा पॅच वाचणाऱ्याला बरोबरच वाटेल. तरीही तो अपुरा होता. त्याच फाइलीत खाली एफसीएनटीएल-सेटएलके64 नावाचं जुळं भावंड आहे, 32 बिटच्या कर्नलवर 64 बिट ऑफसेटसाठी. त्यात तोच कोड दुसऱ्यांदा लिहिलेला, आणि दुरुस्ती पहिल्या प्रतीतच झालेली. त्यासाठी दुसरा पॅच आला आणि दुसरा क्रमांकही, सीव्हीई-2024-41020. हे भावंड 64 बिटच्या बिल्डमध्ये कंपाइलच होत नाही. तुमच्या लॅपटॉपवर कितीही टेस्ट चालवा, ती चूक दिसणार नाही.

म्हणून कुठल्याही दुरुस्तीवर ही दोन कामं न चुकता करा. बदललेल्या ओळीसारख्या ओळी फाइलभर ग्रेपने शोधा. आणि आर्च आय386 देऊन एक बिल्ड काढा. जोडीला फाइल-लॉकिंगचा कॉन्फिग पर्याय बंद ठेवून एक (तो एक्सपर्ट चालू केल्यावरच दिसतो). हेडरमधले रिकामे पर्यायी फंक्शन तिथे बरेचदा मागे राहतात.

पट्ट्यांचं गणित

लॉकचा शेवट धरून मोजतात. 512 पासून 128 बाइट म्हणजे शेवट 639, 640 नव्हे. लांबी शून्य दिली तर फाइलीच्या अंतापर्यंत. लांबी उणे असू शकते, तेव्हा पट्टा सुरुवातीच्या मागे जातो. शेजारचे दोन पट्टे जुळतात का हे बघताना 'शेवट अधिक एक' असं कुणी लिहिलं असेल तर पकडा : शेवट ऑफसेट-मॅक्स असला तर बेरीज उणेमध्ये जाते. म्हणून कोडमध्ये सगळीकडे 'सुरुवात उणे एक' अशी तुलना आहे, आणि तशी सूचना कॉमेंटमध्येही लिहून ठेवली आहे.

कोणता आतला लॉक आधी

क्रम असा : आधी फाइल-आरडब्ल्यूसेम, मग त्या आयनोडच्या संदर्भातला एफएलसी-लॉक, आणि सर्वांत आत ब्लॉक्ड-लॉक-लॉक. शेवटचा संपूर्ण सिस्टिममध्ये एकच आहे, म्हणून त्याच्या आत काम वाढवणाऱ्या पॅचवर गतीचा प्रश्न विचाराच. कोणी कुणासाठी थांबलंय याची साखळी त्याखाली जपली जाते. डेडलॉक शोधणारं फंक्शन ही साखळी दहा पावलांपर्यंतच चालतं आणि मग सोडून देतं. लांब साखळीतला डेडलॉक सापडला नाही म्हणून कुणी तक्रार केली तर तो बिघाड नाही.

थांबलेल्यांना उठवण्याचा कोड सगळ्यात नाजूक. थांबलेला उठून आपली मागणी मोकळी करतो, आणि उठवणारा अजून तिला हात लावून असू शकतो. 2020 साली 5.6 च्या काळात नेमकं हेच झालं. लॉक न धरता केलेली एक झटपट तपासणी चुकीची ठरली. ती काढून दर वेळी स्पिनलॉक धरायला लागल्यावर ऑटोमॅटिक चाचणी-बॉटने वेग घसरल्याचं दाखवलं. शेवटी तपासणी परत आली, पण ॲक्वायर आणि रिलीज बॅरियर (मेमरीला हात लावण्याचा क्रम पाळायला लावणारी आडकाठी) घालून : उठवणारा आपलं सगळं काम उरकल्यावर अगदी शेवटी ब्लॉकर फील्ड रिकामं करतो, आणि थांबलेला ते रिकामं दिसल्यावरच मागणी मोकळी करतो. त्या फंक्शनमधल्या ओळींची अदलाबदल करणारा पॅच, 'फक्त स्वच्छता' असं म्हणत असला तरी, कागद घेऊन दोन रकाने आखून तपासा. डावीकडे सीपीयू 0, उजवीकडे सीपीयू 1, प्रत्येक ओळीला एक पाऊल. बॅरियरजवळ ती कोणत्या दुसऱ्या बॅरियरशी जोडीने चालते याची कॉमेंट नसेल तर मागून घ्या.

दुसऱ्याच्या घरात डोकावणं

एनएफएस, सिफ्स, सेफ, जीएफएस2, फ्यूज या फाइलसिस्टिमना स्वतःचे लॉक हूक आहेत. लॉक्स डॉट सीमधलं वर्तन बदललं की त्यांचे कॉलर ग्रेप करणं आलंच. एनएफएसवर फ्लॉक आतून बाइट-पट्ट्याच्या लॉकवर चालतो, म्हणून तिथे एक्सक्लुझिव्ह फ्लॉकसाठी फाइल लिहिण्यासाठी उघडलेली लागते. कॉलेजच्या लॅबमध्ये होम डिरेक्टरी एनएफएसवर असेल तर हा फरक लगेच करून बघता येईल. लॉकडी (एनएफएसचे लॉक सांभाळणारी सेवा) काही वेळा 'नंतर सांगतो' अशा अर्थाचा फाइल-लॉक-डिफर्ड परत घेतो. त्याची किंमत एक आहे, उणे नाही. तो चुकून यूजरस्पेसपर्यंत पोचला तर प्रोग्राम गोंधळणारच.

चाचण्या

आधी कर्नलमधलीच फाइललॉक सेल्फटेस्ट, ती ओएफडीची आहे आणि क्षणात संपते. मग एक्सएफएसटेस्ट्समधल्या जेनेरिक 131, 478 आणि 571 : अनुक्रमे पोझिक्स लॉक, ओएफडी लॉक आणि लीज. पॅचशिवाय आणि पॅचसह, दोन्ही वेळा. पॅचशिवायही पास होत असतील तर या टेस्टनी दुरुस्ती सिद्ध केली नाही, एवढंच कळलं की जुनं मोडलं नाही. मेलमध्ये तसंच लिहा.

रेसची दुरुस्ती असेल तर दोन थ्रेडचा प्रोग्राम स्वतः लिहा. फट अरुंद असेल तर संशयित जागी तात्पुरता एमडिले घालून ती रुंद करा, मात्र स्पिनलॉकच्या आत नको. घातलेला एमडिले तुमच्या उत्तरात दाखवा, म्हणजे दुसऱ्यालाही तसंच करून बघता येईल.

उत्तर लिहिताना

उत्तर ईमेलने, मेलिंग लिस्टवर जातं : साधा मजकूर, एचटीएमएल नाही. जीमेलच्या वेबपानावरून पाठवलं की टॅब मोडतात, त्यापेक्षा मट किंवा थंडरबर्ड नीट लावून घ्या. ज्या ओळीबद्दल बोलायचंय तेवढीच ठेवून तिच्याखाली लिहा, बाकीचा पॅच छाटा. चूक दाखवताना प्रसंग सांगा : 'पट्टा मधोमध सोडला आणि मेमरी मिळाली नाही तर इथून परत जाताना लॉक राहतो, बरोबर?' असा नेमका प्रश्न, 'मला हे बरोबर वाटत नाही' यापेक्षा कितीतरी पुढचा. मोकळ्या जागा आणि नावांवरच्या सूचना शेवटी आणि थोडक्यात. त्या चेकपॅचलाही (शैली तपासणाऱ्या स्क्रिप्टला) दिसतात.

उत्तर देणारा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर तिथली वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. इंदूरच्या सराफ्यात दागिन्यांची दुकानं आवरून खाण्याचे ठेले लागतात तेव्हा तिकडे सकाळ. उत्तर यायला आठवडाही लागतो. मर्ज विंडोचे (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचे) दोन आठवडे असतील तर त्याहून जास्त. रोज स्मरणपत्र पाठवू नये.

रिव्ह्यूड-बाय हा टॅग म्हणजे 'मी हे तांत्रिकदृष्ट्या तपासलं, माझ्या शंका मिटल्या आणि हे आत घ्यावं असं माझं मत आहे.' फक्त चालवून पाहिलं असेल तर टेस्टेड-बाय द्या. अर्धाच भाग समजला असेल तर टॅग न देता कोणता भाग वाचला ते सांगा. मेंटेनरला त्याचाही उपयोग होतो.

दुसरी आवृत्ती आली की पुन्हा पहिल्यापासून वाचू नका. बी4 डिफने दोन आवृत्त्यांतला फरक काढा. तुमच्या सूचनेबाहेरचं काही बदललंय का आणि तरी तुमचा जुना टॅग तसाच चिकटवलाय का, ते बघा. कोड बराच बदलला असेल तर टॅग काढायला सांगा आणि नव्याने तपासून पुन्हा द्या.